वादळ ओसरले, आता आधी कशाला हात लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा: मेच्या मध्यावर वादळ येऊन गेले, घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. दोन दिवस वीज नाही. अंगणातला आंबा मुळासकट आडवा झाला आणि त्याच्या फांद्यांत विजेची तार अडकली. मागच्या पडवीवरची कौले उडाली, विहिरीत पाला पडून पाणी गढूळ झाले, कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) माडांचे शेंडे पिळवटले. घरात वयस्क आई-वडील. जनरेटर आणू का, आणि सुरुवात कुठून करू?

बहुतेक घरांत सुरुवात छपरापासून होते, कारण डोक्यावर आभाळ दिसते आणि पाऊस तोंडावर असतो. माझा क्रम उलटा आहे: वीज, मग झाड, मग पाणी, मग कौले, शेवटी बागायत. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले ते १६ मे २०२१ रोजी, आणि आपल्याकडे पाऊस सहसा जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो. म्हणजे मेमधल्या वादळानंतर हातात दोन-तीन आठवडे असतात. ताडपत्री टाकून कौलांना चार दिवस थांबता येते, तारेला थांबवता येत नाही. वादळानंतरच्या आठवड्यात माणसे जखमी होतात किंवा दगावतात ती तार, करवत, शिडी आणि जनरेटरचा धूर या चार गोष्टींनी, आणि चारही ठिकाणी मुळाशी घाई असते.

तार आणि वीज

झाडात अडकलेली तार गावभर अंधार असला तरी चालू आहे असे धरूनच वागा. लाईनमन दुसऱ्या टोकाला दुरुस्ती करून फीडर (गावाला वीज आणणारी लाईन) चाचणीसाठी चालू करतो, त्याला तुमच्या अंगणातला आंबा दिसत नसतो. दुसरे कारण शेजारचा जनरेटर. ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४०० च्या आसपास करतो, पण उलट्या बाजूने २३० व्होल्ट ढकलले तर पलीकडे हजारो व्होल्ट उभे राहतात. कुणी जनरेटरची वायर सरळ घरातल्या सॉकेटात खुपसली असेल आणि मेन स्विच बंद करायला विसरला असेल, तर खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. ओले आंब्याचे लाकूड वीज वाहून नेते, त्यामुळे ‘सुक्या बांबूने तार बाजूला करतो’ म्हणणाऱ्याला वेळीच अडवा.

झाडापासून आणि तारेपासून दहा मीटर अंतर राखून दोरी बांधा, कुत्रा-गुरे बांधून ठेवा. १९१२ वर तक्रार नोंदवताना खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तो, जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे ठिकाण, आणि मुख्य म्हणजे ‘तार झाडात अडकली आहे’ हे शब्द सांगा. नुसते ‘लाईट नाही’ म्हटले की तक्रार शेकडो तक्रारींच्या ढिगात जाते. चुकून कुणी तारेजवळ सापडलाच, तर लांब ढांगा टाकत पळू नये. जमिनीतून वीज पसरलेली असते आणि दोन पावलांमधल्या अंतरावर धक्क्याचा जोर ठरतो. पाय जुळवून, घासत-घासत बाहेर यावे.

वीज परत येण्याआधी घरातला मेन स्विच बंद करून ठेवा. खांबावरून घरापर्यंत येणारी सर्व्हिस वायर ताणली गेली आहे का, भिंतीतला लोखंडी पाईप वाकला आहे का, मीटरच्या पेटीत पाणी गेले आहे का, हे लांबूनच बघा. वीज आल्यावर आधी एकच स्वस्त एलईडी दिवा लावा. कारण वादळानंतर उपकरणे जळतात ती बहुतेक न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटल्यामुळे. गावातल्या लाईनीत तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल असते, न्यूट्रल मध्येच तुटली की दोन फेजांमध्ये घरे एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात भार कमी, तिथे २३० ऐवजी साडेतीनशे-चारशेच्या जवळ व्होल्ट पोचतात. दिवा भलताच प्रखर झाला, पंखा घोंगावायला लागला किंवा शेजाऱ्याकडे दिवा मंद आणि तुमच्याकडे लख्ख असे दिसले, तर त्याच क्षणी मेन बंद. मल्टीमीटर असेल तर २१० ते २५० च्या बाहेरचा आकडा धोक्याचा समजा. फ्रिज आणि पंप स्थिर वीज तासभर दिसल्यावरच लावा.

तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर तो खराब झाला म्हणून काढून टाकू नका, तो त्याचे काम करतो आहे. सगळे एमसीबी (घरातल्या एकेका वाटेचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. ज्याने पडेल त्या वाटेवर ओल आहे. बहुतेकदा ती फाटकावरच्या दिव्यात, गोठ्यातल्या सॉकेटात किंवा पंपाच्या स्टार्टरात निघते. तेवढा एक बंद ठेवून बाकी घर चालवता येते.

आता जनरेटर. आणायला हरकत नाही, पण चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाईनवर किंवा जनरेटरवर, एकावरच ठेवणारा) बसवून घेतल्याशिवाय नाही. इलेक्ट्रिशियनला ते अर्ध्या दिवसाचे काम. तो मिळत नसेल तर जनरेटरमधूनच थेट एक्स्टेन्शन बोर्ड काढा आणि फ्रिज, मोबाईल, एक दिवा तिथेच जोडा, घराच्या वायरिंगला हात नको. एक अश्वशक्तीचा पंप चालताना एक किलोवॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना काही पटींनी ओढतो. त्यामुळे पंप चालवायचा तर तीन केव्हीए (जनरेटरच्या ताकदीचे माप) चा संच लागतो, फक्त फ्रिज आणि दिवे असतील तर दीड-दोन पुरतो. ठेवायचा तो उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब, धूर घराच्या उलट दिशेला. पाऊस लागतो म्हणून लोक तो पडवीत आणतात. पडवी एका बाजूने उघडी असली तरी कार्बन मोनॉक्साइड दाराच्या फटीतून आत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. जनरेटरवर चार खांबांचे छप्पर करा, पण तो घराला चिकटवू नका. पेट्रोल ओतायचे ते बंद करून, पंधरा मिनिटे गार झाल्यावर.

दिवसभर चालवण्याची गरज नसते. सकाळी, दुपारी, रात्री तास-तासभर चालवला तरी फ्रीझर टिकतो, टाकी भरते, इन्व्हर्टरची बॅटरी थोडी उचलते. इन्व्हर्टरचा हिशेब साधा आहे: १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास, प्रत्यक्षात हजाराच्या आसपास हाती लागतात. एक पंखा आणि तीन एलईडी दिवे मिळून शंभर वॉट, म्हणजे एक रात्र. छतावरचे सौरपॅनल ग्रिडला (बाहेरच्या विजेच्या लाईनीला) जोडलेले आणि बॅटरीशिवायचे असेल, तर लख्ख ऊन असूनही ते काही देणार नाही. ग्रिड गेली की त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो, लाईनमनच्या सुरक्षेसाठीच.

आडवा आंबा

लाईनमनने तार काढली, किंवा लाईन बंद करून जमिनीशी जोडली (अर्थिंग केले) आणि तसे तोंडाने सांगितले, त्यानंतरच कोयता उचला. झाड दुसऱ्या झाडावर अडकून अधांतरी असेल, घरावर रेललेले असेल किंवा रस्ता अडला असेल, तर अग्निशामक दलाला १०१ वर कळवा. वादळानंतर त्यांच्याकडे रांग असते, पण अधांतरी झाड हे घरच्या माणसाचे काम नव्हे.

मुळासकट पडलेल्या झाडातला मोठा धोका बुंध्यापाशी असतो. मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिलेला असतो आणि खोडाच्या वजनाने तो तसा धरलेला असतो. खोड कापून वेगळे केले की गड्डा धाडकन मागे बसतो. त्या खड्ड्यात मुले उतरतात, कधी कापणाराच तिथे पाय रोवून उभा असतो. गड्ड्यापासून निदान दीड-दोन मीटर खोड शिल्लक ठेवून कापा, गड्ड्याला मागून-पुढून टेकू द्या आणि खड्ड्यात कुणी नाही हे स्वतः वाकून बघा.

बाकी झाड शेंड्याकडून बुंध्याकडे मोकळे करत यायचे. आधी वरच्या आणि बाजूच्या बारीक फांद्या. खोडाखालच्या ज्या फांद्यांवर झाड तोलले आहे त्या शेवटी, कारण त्या तोडल्या की खोड लोळते, उतारावर तर नक्कीच. प्रत्येक कापाआधी विचारायचे: लाकूड कुठे दाबले गेले आहे आणि कुठे ताणले गेले आहे? खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबाची, खालची ताणाची. एकच टोक टेकलेले आणि दुसरे हवेत असेल तर उलट. नियम एकच: आधी दाबाच्या बाजूने जाडीच्या एक तृतीयांश काप, मग ताणाच्या बाजूने येऊन तो मिळवायचा. नुसते वरून कापत गेलात, तर पहिल्या प्रकारात करवत लाकडात चिमटली जाते, दुसऱ्यात खोड उभे फाटून अंगावर येते. खोडाखाली धनुष्यासारखी वाकलेली कोवळी पोफळ किंवा फांदी दिसली, तर तिला एका घावात तोडू नका. वळणाच्या आतल्या बाजूने थोडी थोडी तासत जा, म्हणजे तिचा जोर हळूहळू सुटतो.

चेनसॉ भाड्याने आणणार असाल तर तिच्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागू देऊ नका, त्यानेच करवत उसळून तोंडाकडे येते. खांद्याच्या वर कापणे नाही, शिडीवरून कापणे नाही, चप्पल घालून कापणे तर नाहीच. आणि आंब्याचा चीक: पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर चष्मा हवा, नाहीतर चार दिवस कातडी सोलते.

गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपोआप पडलेल्या झाडाचे चारही बाजूंनी फोटो काढा, मुळांचा गड्डा स्पष्ट दिसू द्या, आणि कळवून मगच लाकूड हलवा. घरावर झुकलेले धोकादायक झाड तातडीने तोडावे लागले तरी फोटो आणि लेखी माहिती लगेच द्या. माड २०१६ साली या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला होता, पुढच्या वर्षी तो पुन्हा आत आला. तेव्हा ‘माडाला काही लागत नाही’ हा सल्ला आता जुना झाला.

विहीर

पाला, मेलेले जीव आणि फांद्या जाळीने काढा. मग लोक सगळे पाणी उपसायला जातात, तिथे जपा. जमीन पाण्याने भरलेली असताना विहीर पूर्ण रिकामी केली, तर बाहेरच्या पाण्याचा दाब आतून तोलणारे काही राहत नाही आणि जुने चिऱ्यांचे बांधकाम आत ढासळते. पाणी टप्प्याटप्प्याने, निम्म्यापर्यंत उतरवा, कडेच्या चिऱ्यांवर लक्ष ठेवा, गढूळपणा कमी होईपर्यंत भरू द्या. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) तळापासून हातभर वर घ्या, नाहीतर गाळ टाकीत चढतो. विहिरीत पेट्रोलचा पंप उतरवू नका आणि माणूस उतरवणार असाल तर कमरेला दोरी आणि वर दोन माणसे हवीतच.

मग ब्लीचिंग पावडर. पाण्याचे माप असे काढा: व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर साधारण १४,००० लिटर. घाण पाणी शिरलेल्या विहिरीला एकदा जोरदार मात्रा द्यायची: दर हजार लिटरला ६० ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे या विहिरीला ८५० ग्रॅमच्या आसपास. बारा तास ते पाणी कुणी वापरू नये, मग उपसून वास कमी होईपर्यंत टाका. हे पाणी माडाच्या आळ्यात किंवा ओहळात सोडू नका. त्यानंतर पिण्यासाठी रोजची मात्रा दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ३५ ग्रॅम, आणि तासभर थांबायचे.

पावडर कधीही सरळ विहिरीत उधळू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची पातळ पेस्ट करा, एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, मग बादली पाऊण भरा आणि दहा मिनिटे ठेवा. खाली चुना बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली झटके द्या, म्हणजे ते खोलवर मिसळते. चुना टाकून द्या, तो विहिरीत गेला की पाणी जड होते. गोळे झालेली, ओलसर, वास उडालेली पावडर निरुपयोगी, गोव्याच्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर मरते. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच खर्च होते. अशा वेळी फडक्याने गाळून, खळखळ उकळी एक मिनिटभर आणून प्या. आरोग्य केंद्रात क्लोरोस्कोप (पाण्यातले क्लोरीन मोजायचा संच) असतो, एकदा पाणी तपासून घ्या.

पाण्याइतकेच खाण्यालाही जपा. वीज नसताना दार न उघडलेला फ्रिज चार तास टिकतो, गच्च भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर दोन दिवस. पण मासे वेगळे. बांगडा, तारले आणि कुपा गारवा गेला की त्यांच्यात हिस्टामिन नावाचे बाधणारे द्रव्य तयार होते आणि ते शिजवून, तळून जात नाही, वासही कधी येत नाही. बर्फ पूर्ण वितळून काही तास झालेला बांगडा आंबट-तिखट घालून वाचवता येत नाही. टाका, खोल पुरा.

कौले

ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब काढला तर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो येतो. मंगळुरी कौले चौरस मीटरला पंधराच्या आसपास बसतात आणि त्यांचे वजन तीस-पस्तीस किलो भरते. छपराच्या कडांना आणि आढ्यापाशी वारा वर ओढतो, म्हणून कौले तिथूनच उडतात, मध्यातली बहुधा तशीच राहतात. यातून दुरुस्तीचा नियम निघतो: वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची एक ओळ तारेने बांधूनच बसवा. कौलाच्या पाठीमागे उंचवट्यात त्यासाठीच भोक असते, जस्ती तार त्यातून ओवून रिपेला (कौले ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीला) पिळा. ही मेहनत कुणीच करत नाही, म्हणून दर वादळात तीच ओळ जाते.

तोवर ताडपत्री. ती फक्त फुटलेल्या बाजूवर टाकली तर पाणी वरच्या कडेने खाली शिरते. आढ्यावरून पलीकडे मीटरभर तरी गेली पाहिजे. सुटे दगड ठेवू नका, पुढच्या वाऱ्यात ते अंगणात येतात. अर्ध्या भरलेल्या वाळूच्या गोण्या दोरीने जोडीजोडीने बांधा आणि आढ्यावरून दोन्हीकडे लोंबत्या सोडा.

वर जायचे ते सुक्या दिवशी, आणि कौलाच्या मध्यावर पाय न देता: वाशांच्या रेषेत आडवी फळी टाकून तिच्यावर. शेवाळलेल्या कौलावर पाय टिकत नाही. कौले बसवण्याआधी प्रत्येक रिपेत स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे, ती रीप बदला. दुकानात जाताना जुने अख्खे कौल बरोबर घेऊन जा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांच्या खाचा जुळत नाहीत, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने पहिल्याच पावसात पाणी गळते. गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात: ओले करून अख्खे उचला, कापू नका, झाडू नका. कौलांच्या ढिगाला उघड्या हाताने हात घालायचा नाही, फुरसे आणि मण्यार दोघांना अशी जागा आवडते.

हे सगळे करण्याआधीचे फोटो काढून ठेवा. घराच्या विम्याची भारत गृह रक्षा पॉलिसी असेल तर वादळ आणि झाड पडणे तिच्यात येते. कंपनीला आधी कळवा, फुटलेला माल पाहणी होईपर्यंत फेकू नका. गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका, इंजिनात पाणी असताना स्टार्ट केले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. घराच्या नुकसानीसाठी तलाठ्याकडे आणि मामलेदार कार्यालयात, बागायतीसाठी विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करा. शेतकरी आधार निधीसाठी कृषी कार्ड लागते. पडलेली पोफळ आणि माड मोजून ठेवा, पंचनाम्याआधी तोडून नेले तर मोजायला काही उरत नाही.

कुळागर

केळी पडल्या तर बुडापासून छाटून एक जोमदार पिल्लू (बुडाशी फुटलेला कोंब) ठेवा. काजू-आंब्याच्या फाटलेल्या फांद्या गुळगुळीत कापा. आडव्या पडलेल्या माडांची खोडे कुजत ठेवू नका, गेंड्या भुंगा आणि सोंड्या त्यांवरच वाढतात आणि मग उभ्या माडांवर जातात.

उभ्या पण शेंडा पिळवटलेल्या माडाला पाऊस लागायच्या आत एक टक्का बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे) फवारे द्या, जखमेतून कोंब कुजतो तो पावसातच. दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, वेगवेगळ्या प्लॅस्टिक बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा. चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचे पाणी ओता, उलट नको, आणि लोखंडी भांडे नको. घासलेली सुरी मिनिटभर बुडवून बघा: पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, चुन्याची निवळी घालत जा. त्याच दिवशी वापरून संपवा.

माड जगणार की नाही हे लगेच ठरवू नका. मधल्या बंद, भाल्यासारख्या कोवळ्या झावळीला शेजारच्या झावळीच्या उंचीवर रंगीत दोरी बांधा. निरोगी माड साधारण महिन्याला एक झावळी सोडतो, म्हणून तीन-चार आठवड्यांत ती दोरी वर सरकलेली दिसली पाहिजे. सरकली नाही तर पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) वर चढवून ती झावळी हलकेच ओढायला सांगा. ती हातात निघून आली आणि बुडाला कुजका वास आला, तर तो माड गेला.